अल्गॉन्क्विनचा स्प्रूस बॉग बोर्डवॉक : झुडपे पाहण्यासाठी जावे अशी पायवाट

टोरंटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन या भागातील मराठी कुटुंबे अल्गॉन्क्विन प्रांतीय उद्यानात बहुधा सप्टेंबरच्या अखेरीस मेपलचे रंग पाहायला जातात. त्या दिवसाच्या धावपळीत ‘स्प्रूस बॉग बोर्डवॉक’ ही दलदलीवर फळ्या टाकून केलेली दीड किलोमीटरची पायवाट, ती सोपी आहे आणि लहान मुलांना झेपते एवढ्याच कारणासाठी, यादीत घातली जाते आणि पाऊण तासाच्या आत उरकली जाते. निव्वळ फेरफटका म्हणून तिला गुण द्यायचे झाले, तर ते मध्यमच द्यावे लागतील, कारण वाटेत डोंगरमाथा नाही, धबधबा नाही आणि नजर ठरेल असे मोठे तळेही नाही. मात्र थंड, आम्लधर्मी आणि सदैव ओल्या जमिनीवर झुडपे कशी वसतात, कोणते झुडूप कोणत्या पाण्याशेजारी राहते आणि मोठ्या झाडांना तिथे पाय रोवणे का जड जाते, हे डोळ्यांनी समजून घ्यायचे असेल, तर टोरंटोहून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अंतरावर मी याहून चांगली सोय पाहिलेली नाही.

१८९३ मध्ये स्थापन झालेले अल्गॉन्क्विन हे ओंटारिओतील सर्वांत जुने प्रांतीय उद्यान असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर आहे. त्याच्या दक्षिण भागातून महामार्ग क्रमांक ६० सुमारे ५६ किलोमीटर जातो आणि या रस्त्यालगतच्या ठिकाणांचे पत्ते पश्चिम प्रवेशद्वारापासूनच्या अंतराने सांगितले जातात. त्या हिशेबाने ही पायवाट ४२.५ व्या किलोमीटरवर आहे आणि उद्यानाचे अभ्यागत केंद्र तिच्यापुढे लगेच, ४३ व्या किलोमीटरवर. पायवाटेसाठी वेगळे शुल्क नाही. वाहनाचा दिवसभराचा परवाना पुरतो, मात्र तो शरद ऋतूतील सुट्टीच्या दिवशी आयत्या वेळी मिळेल असे गृहीत धरू नये. वाटेवर क्रमांक घातलेले खांब आहेत आणि प्रत्येक क्रमांकाशी जुळणारा मजकूर असलेली एक पातळ पुस्तिका उद्यानाच्या मदतीसाठी काम करणारी विनानफा संस्था प्रसिद्ध करते. ही पुस्तिका हातात असल्याशिवाय वाटेवर पाऊल टाकू नये, इतकी ती या सेवेचा अविभाज्य भाग आहे.

अल्गॉन्क्विन ज्या पट्ट्यात येते, तो दक्षिणेची पानझडी जंगले आणि उत्तरेची बोरियल सूचिपर्णी जंगले यांच्या मधला आहे. टेकड्यांच्या उतारांवर शुगर मेपल आणि बीच वाढतात, तर सखल जागी रात्री थंड हवा उतरून साचते, पाण्याचा निचरा होत नाही, वाढीचा हंगाम आखूड होतो आणि तिथे अचानक अशा वनस्पती दिसू लागतात, ज्यांचे खरे घर शेकडो किलोमीटर उत्तरेला आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्याला उपबोरियल म्हणतात, ते हेच सरमिसळीचे क्षेत्र. ब्रिटिश कोलंबियाच्या अंतर्भागात ‘सब-बोरियल स्प्रूस’ नावाचा एक अधिकृत परिस्थितिकी विभागच आहे आणि तिथल्या थंड हवेच्या खोलगट जागी स्क्रब बर्च व विलो यांची झुडपे दाटीने वाढतात. देशाच्या या पूर्व बाजूला अशा दलदलीचा ताबा मुख्यतः हीथ कुळातील झुडपांकडे, म्हणजे रोडोडेंड्रॉन आणि ब्लूबेरी यांच्या नातलगांकडे आहे. मार्च-एप्रिलमध्ये उत्तराखंडात ट्रेकला जाऊन बुरांस या रोडोडेंड्रॉनची लाल फुले पाहिलेल्या वाचकाला या दलदलीत त्याच वंशातले, पण वेगळ्या जातीचे एक गुडघ्याएवढे झुडूप भेटते, पण सांगितल्याशिवाय ते नाते लक्षात येत नाही.

उघड्या दलदलीत शिरल्यावर फळ्यांच्या दोन्ही बाजूंना जे एकसारखे, मळकट हिरवे झुडूप पसरलेले दिसते, ते बहुतांशी लेदरलीफ असते. पर्यटक त्याच्याकडे पाहत नाहीत, कारण ते सगळीकडे आहे. माझ्या मते मात्र या वाटेवरचे सर्वांत महत्त्वाचे रोप तेच आहे. साचलेल्या पाण्याच्या काठावरून ते आपल्या आडव्या फांद्या पाण्यावर पसरवते, त्या फांद्यांच्या जाळीत स्फॅग्नम शेवाळ अडकते व वाढते, आणि वर्षानुवर्षांच्या या भागीदारीतून पाण्यावर तरंगणारी जाड गादी तयार होते. हिमयुगाच्या शेवटी जमिनीत गाडले गेलेले बर्फाचे प्रचंड ठोकळे वितळून जे खड्डे राहिले, त्यांत साचलेली तळी उत्तर अमेरिकेच्या या भागात अशाच रीतीने काठापासून मध्याकडे आक्रसत गेली आहेत. मे महिन्यात लेदरलीफच्या फांदीच्या एकाच बाजूने पांढऱ्या, उलट्या सुगडीच्या आकाराच्या फुलांची रांग लटकते, आणि हिवाळ्याआधी त्याची पाने गळत नाहीत, फक्त तांबूस तपकिरी होतात. शरद ऋतूत येणारे लोक त्याला वाळलेले समजतात, याचे कारण हेच.

या सगळ्या वस्तीचा खरा मालक झुडूप नसून त्याच्या मुळाशी असलेले शेवाळ आहे. स्फॅग्नम आपल्या कोरड्या वजनाच्या वीस पटींपर्यंत पाणी धरून ठेवू शकते, पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखी द्रव्ये शोषून त्या बदल्यात हायड्रोजनचे आयन सोडते आणि अशा प्रकारे आपल्या भोवतीचे पाणी स्वतःच आंबट करते. अशा दलदलीच्या पाण्याचा सामू (पीएच) ४ च्या आसपास आढळतो. थंडी, आम्लता आणि प्राणवायूचा अभाव या तिन्हींमुळे मेलेली पाने व मुळे कुजत नाहीत, तर पीट होऊन थरावर थर साचत राहतात. थर जितका जाड होतो, तितका वरच्या वनस्पतींचा खालच्या खनिज मातीशी संबंध तुटत जातो, आणि शेवटी त्यांना पाऊस व वाऱ्याबरोबर येणारी धूळ यांतून मिळेल तेवढ्या पोषणावर भागवावे लागते. झुडपांचे आकार, पानांची जाडी, फुलांचा काळ या सगळ्यांमागे हा उपास आहे, आणि पुस्तिका ही गोष्ट ज्या साधेपणाने उलगडते, त्यासाठी तिला पूर्ण गुण द्यायला हवेत.

या चामड्यासारख्या पानांविषयीचा एक जुना प्रश्न मात्र थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. पाण्यात उभ्या असलेल्या झुडपाला वाळवंटी रोपासारखी जाड, कडांना वळलेली, खालून लव असलेली पाने का असावीत? पूर्वी असे मानले जाई, की थंड आणि आंबट पाणी मुळांना शोषता येत नाही, म्हणून झुडूप पाण्यात राहूनही तहानलेले असते. आता अधिक भर दुसऱ्या कारणावर दिला जातो: ज्या जमिनीत नत्र आणि स्फुरद इतके दुर्मीळ आहेत, तिथे दरवर्षी नवीन पाने घडवून जुनी टाकून देणे परवडत नाही, आणि पान एकाहून अधिक हंगाम टिकवायचे तर ते जाड व कणखर असावे लागते. याच्या जोडीला या कुळातील झुडपांच्या केसासारख्या बारीक मुळांत विशिष्ट बुरशी राहते, जी पीटमधल्या सेंद्रिय पदार्थांतून नत्र सोडवून झुडपाला पुरवते. हे वाटेवर दिसत नाही, पण माहीत असले तर समोरच्या हिरव्या पसाऱ्याकडे पाहण्याची पद्धत बदलते.

झुडपे ओळखण्यासाठी पान उलटून पाहणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे, आणि त्यासाठी पान तोडण्याची गरज नाही. उद्यानात वनस्पती तोडण्याला मनाईच आहे. खालची बाजू गंजाच्या रंगाच्या लोकरीने भरलेली असेल आणि कडा आत वळलेल्या असतील, तर ते लॅब्रॅडॉर टी, म्हणजे वर उल्लेख केलेले बुरांसचे भावंड. जूनमध्ये त्याच्या शेंड्यांवर पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात आणि पान हलके चुरगळले तर तीव्र सुगंध येतो. उत्तरेकडील अनेक आदिवासी समाजांनी त्याचा काढा पिढ्यानपिढ्या वापरला आहे. पण त्याच्या कुळात विषारी द्रव्ये आहेत, तेव्हा परंपरेची जाण नसलेल्याने प्रयोग करू नये. खालची बाजू खडूसारखी पांढरी आणि पाने समोरासमोर असतील, तर ते बॉग लॉरेल, ज्याची गुलाबी फुले मेच्या अखेरीपासून दिसतात. या फुलाचे पुंकेसर पाकळ्यांच्या खळग्यांत ताणून बसवलेले असतात आणि कीटकाचा स्पर्श होताच ते सुटून त्याच्या अंगावर पराग उडवतात. पाने तीन-तीनच्या वलयात आणि फुले शेंड्याखाली, नव्या पालवीच्या तळाशी असतील, तर ते शीप लॉरेल. दलदलीच्या कोरड्या कडेला राहणारे हे झुडूप मेंढ्यांना विषारी म्हणून कुप्रसिद्ध आहे, आणि क्वेबेक व न्यूफाउंडलंडमध्ये जंगल जळाल्यावर किंवा तोडल्यावर ते इतके माजते की ब्लॅक स्प्रूसची रोपे वर येणे अवघड होते. लेदरलीफच्या पानाखाली लोकर नसते, तर बारीक तपकिरी खवले असतात. पुस्तिकेचा रोख दलदलीच्या जडणघडणीवर आहे, झुडपे नावानिशी ओळखण्यावर नाही, म्हणून ज्यांना नावे हवी आहेत त्यांनी वनस्पती ओळखण्याचे एखादे साधन सोबत न्यावे.

संडे क्रीक या ओढ्याजवळ आल्यावर देखावा बदलतो आणि माझ्या दृष्टीने परीक्षणाचा मुख्य मुद्दा इथे येतो. वाहत्या पाण्याबरोबर खनिजे आणि थोडा प्राणवायू येतो, म्हणून ओढ्याकाठची झुडपे दलदलीच्या मध्यातील झुडपांहून पूर्ण वेगळी असतात: उंच, पानझडी, पातळ पानांची आणि वेगाने वाढणारी. पाण्याच्या अगदी कडेला स्वीट गेल असते, ज्याच्या पानांवरील बारीक राळेच्या ग्रंथींना मंद सुवास असतो, आणि तिच्यामागे स्पेकल्ड अल्डरची दोन-तीन पुरुष उंचीची जाळी. अल्डरच्या काळपट खोडावरचे पांढरे आडवे ठिपके ही त्याची खूण. पुढच्या वसंतातील नर तुरे तो आदल्या शरदातच फांद्यांवर तयार ठेवतो. या दोन्ही झुडपांच्या मुळांवरील गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतील नत्र बांधून देतात. डाळीच्या पिकांच्या मुळांवरील गाठींत जे घडते तसेच हे काम, पण जिवाणू वेगळे आणि कुळेही वेगळी. म्हणजे एकाच खोऱ्यात एक वस्ती मिळालेले पान जपून, काटकसरीने जगते, आणि थोड्याच अंतरावर दुसरी स्वतःचे खत स्वतः तयार करून पाने बिनदिक्कत गाळून टाकते. ही तुलना पुस्तकात वाचून जितकी कळते त्याहून अधिक ती फळ्यांवर उभे राहून कळते, आणि या पायवाटेची आखणी करणाऱ्यांचे खरे श्रेय यातच आहे.

अल्डरच्या जाळीला लोक अडगळ समजतात, आणि तिच्यातून चालत जाण्याचा प्रयत्न केलेला माणूस त्यांच्याशी वाद घालणार नाही. परंतु फांद्यांवर पांढऱ्या कापसासारखा थर दिसला तर थांबून पाहावे. ते लोकरी मावा कीटक असतात, आणि त्यांच्यावर हार्वेस्टर नावाच्या लहान नारिंगी-तपकिरी फुलपाखराच्या अळ्या जगतात. पाने न खाता कीटक खाणारी उत्तर अमेरिकेतील ही एकमेव फुलपाखराची अळी. अल्डरच्या नशिबात बीव्हर हा पाण्यात राहणारा कुरतडणारा प्राणीही आहे. तो बांध घालतो, काठची झुडपे पाण्यात बुडून मरतात, पुढे अन्न संपल्यावर तो जागा सोडतो, बांध फुटतो, उघड्या पडलेल्या चिखलावर आधी गवते व लव्हाळे येतात आणि कालांतराने अल्डर परत येतो. त्यामुळे ओढ्याकाठचा झुडपांचा पट्टा कायमचा आखलेला नसतो आणि काही वर्षांच्या अंतराने येणाऱ्याला तो जागा बदललेला दिसू शकतो.

मुलांना सर्वाधिक आवडतात त्या अर्थातच कीटकभक्षी वनस्पती. शेवाळात रुतून बसलेली, लालसर शिरांची जांभळी घटपर्णी पावसाच्या पाण्याने भरलेल्या पेल्यांत कीटक पकडते, आणि त्याच पाण्यात एका विशिष्ट जातीच्या डासाच्या अळ्या बिनधास्त वाढतात, हिवाळ्यात त्या पाण्यासह गोठतात आणि वसंतात पुन्हा हालचाल करू लागतात. याच उद्यानातील एका दलदलीत घटपर्णीच्या पेल्यांत लहान सॅलॅमँडरही (पालीसारखे दिसणारे उभयचर) नियमितपणे अडकतात, असे दाखवणारे गुएल्फ विद्यापीठातील संशोधकांचे काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली होती. गोल पानांची दवबिंदू वनस्पती शोधायला मात्र फळ्यांवर वाकून बसावे लागते. कासच्या पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवे पाहिलेल्या वाचकाला इथे ओळखीचे काहीतरी भेटल्याचा आनंद होईल. हवामान, खडक आणि ऋतू यांत काहीच साम्य नाही, पण पोषणाला मुकलेली ओली जमीन दोन्हीकडे सारखाच उपाय सुचवते.

झाडे इथे पूर्ण गैरहजर नाहीत. ब्लॅक स्प्रूस दलदलीच्या कडेने आत शिरतो, पण माणसाच्या उंचीचे खोड शंभरीला टेकलेले असू शकते. त्याच्या खालच्या फांद्या शेवाळात गाडल्या गेल्या की त्यांनाच मुळे फुटतात आणि एका झाडाभोवती लहान झाडांचे कोंडाळे तयार होते. शेंड्याजवळचा शंकूंचा घट्ट झुबका दुरून कावळ्याच्या घरट्यासारखा भासतो. सोबतचा टॅमरॅक सूचिपर्णी असूनही दर शरदात पाने गाळतो. मेपलचा रंग ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यानंतर, तो सोनेरी होतो आणि त्याच सुमारास लेदरलीफ तांबूस पडू लागतो. गर्दीही तोवर ओसरलेली असते. माझी शिफारस विचाराल तर फुलांसाठी जूनचा पहिला पंधरवडा आणि रंगांसाठी ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. सप्टेंबरअखेरीचा शनिवार कटाक्षाने टाळावा.

जूनची शिफारस करताना एक इशारा देणे भाग आहे. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत काळ्या माश्या आणि त्यानंतर जुलैपर्यंत डास इतके असतात की अंगभर फिक्या रंगाचे कपडे आणि डोक्यावरून घ्यायची जाळी यांशिवाय झुडपे निवांत पाहणे शक्य होत नाही. महामार्ग जवळ असल्याने मालमोटारींचा आवाज वाटेच्या काही भागात ऐकू येतो, त्यामुळे पक्ष्यांसाठी येणाऱ्यांनी पहाटेच पोचावे. कॅनडा जे, स्प्रूस ग्राउझ आणि बोरियल चिकडी यांच्यासाठी ही वाट पक्षिनिरीक्षकांत प्रसिद्ध आहे. फळ्यांची रुंदी मर्यादित असल्यामुळे कॅमेऱ्याचा तिपाई मांडून वाट अडवू नये, आणि फळ्यांवरून खाली उतरण्याचा मोह तर मुळीच करू नये, कारण पायाखाली दबलेले स्फॅग्नम सावरायला वर्षे लागतात.

शरद ऋतूत टोरंटोहून बस नेणाऱ्या एका सहल कंपनीबरोबर मीही गेलो आहे. वाटाड्याने वाहनतळावरच ‘ही दलदल आहे, इथे मूस (उत्तरेकडचे प्रचंड हरीण) दिसू शकतो’ असे सांगून अर्ध्या तासात परत यायला बजावले, आणि मूस न दिसल्याने बहुतेक लोक नाराज होऊन बसमध्ये चढले. अशा सहलीच्या पैशांत स्वतःची किंवा भाड्याची गाडी घेऊन दोन कुटुंबांनी मिळून जाणे कितीतरी श्रेयस्कर. टोरंटोहून पश्चिम प्रवेशद्वारापर्यंत साधारण तीन तास लागतात. आधी अभ्यागत केंद्रात जावे, तिथल्या सज्जातून संडे क्रीकचे खोरे वरून पाहावे आणि मग पायवाटेवर यावे. वरून पाहिलेले हिरव्या-तपकिरी छटांचे पट्टे खाली आल्यावर एकेका झुडपाच्या नावाने ओळखता येतात. ज्यांना मूसच पाहायचा आहे, त्यांनी १५.४ व्या किलोमीटरवरील मिझी लेक पायवाटेवर दिवस काढावा. ती सुमारे अकरा किलोमीटरची आहे आणि तिथे प्राणी दिसण्याची शक्यता अधिक. स्प्रूस बॉग बोर्डवॉकला मात्र किमान दोन तास, एक भिंग आणि पुस्तिका घेऊन यावे, आणि सोबत ज्यांना पान उलटून पाहण्यात रस नाही अशी मंडळी असतील, तर त्यांना अभ्यागत केंद्राच्या उपाहारगृहात बसवून यावे.